जुना पिकअप घेताना इंजिनाची धास्ती किती धरावी?

प्रश्न : आमची जुन्नर तालुक्यात थोडी बागायत आहे. टोमॅटो आणि कोबी बहुतेक वेळा नारायणगावला, भाव असेल तेव्हा वाशीला जातो. गाडीभाड्यात फार पैसे जातात, म्हणून जुना पिकअप घ्यायचं घरात ठरलं आहे. दोन गाड्या पाहिल्या. पहिली २०१८ची, बीएस-४, मीटरवर १,९०,००० किलोमीटर, मागणी साडेचार लाखांची. मालक म्हणतो, इंजिनाला आजवर हात लावलेला नाही. दुसरी २०२१ची, बीएस-६, मीटरवर ६८,०००, मागणी सव्वासहा लाख. तिचा मालक म्हणतो, नुकतंच इंजिनाचं काम केलंय, आता पाच वर्षं बघायला नको. गावातला फिटर सांगतो बीएस-६ घेऊच नका. चुलतभाऊ म्हणतो, ‘हे इंजिन दोन लाखांनंतर बसतंच.’ कोणाचं ऐकावं?

उत्तर : तुम्ही एक शंका विचारली आहे, पण तिच्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हे मॉडेल भरवशाचं आहे का? ठरावीक किलोमीटर झाल्यावर इंजिन संपतं का? आणि दारात उभी असलेली ही गाडी कशी आहे? फिटर आणि चुलतभाऊ तुम्हाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देताहेत. तुम्ही पैसे मोजणार आहात ते तिसऱ्यासाठी. म्हणून तिघांना आधी वेगळं करू.

मॉडेलच्या बदनामीपासून सुरुवात करू. फिटरकडे एखाद्या मॉडेलची इंजिनं सारखी खोललेली दिसतात, त्यावरून ते मॉडेल कच्चं आहे असा समज होतो. पण तुमच्या भागात रस्त्यावर ज्या गाड्या सर्वांत जास्त, त्याच गॅरेजातही जास्त दिसणार. शंभर गाड्यांतल्या दहा बिघडल्या आणि दहांतल्या तीन बिघडल्या, तर गॅरेजात दहा दिसतील आणि तीन दिसतील. कच्ची मात्र दुसरी. शिवाय नीट चाललेल्या इंजिनाची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही. फिटरच्या अनुभवाला मोल आहेच, फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदला. ‘इंजिन कसं आहे?’ असं विचारू नका. ‘यात नेमका कुठला भाग जातो, कुठल्या सालच्या गाडीत, आणि गेला तर खर्च किती?’ असं विचारा. नोझल जातात, टर्बो जातो, हेड गॅस्केट उडतं असं नाव घेऊन उत्तर आलं, तर ते पाहणीच्या वेळी तुमच्या उपयोगी पडेल. ‘इंजिनच खराब’ एवढंच उत्तर आलं तर त्यावर साडेचार लाखांचा निर्णय बसवू नका.

आता दोन लाखांचा आकडा. इंजिनाला किलोमीटर मोजता येत नाहीत. त्याला कळते धूळ, उष्णता आणि तेल. डिझेल इंजिनात पिस्टनवरच्या रिंगा लायनरला घासत वर-खाली होत असतात, आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून दोन्ही टिकतात. एअर फिल्टर फाटका असेल किंवा त्याची नळी सैल असेल तर शेतरस्त्याची बारीक धूळ थेट आत जाते आणि रिंगा-लायनर झिजवते. तेल वेळेवर बदललं नाही तर तो थर टिकत नाही. अशी गाडी एक लाखालाच ऑइल खायला लागते. उलट महामार्गावर एका चालीने धावलेली, वेळेवर तेल-फिल्टर बदललेली गाडी दोन लाखांच्या पुष्कळ पुढे जाते.

आपल्याकडे इंजिन मरतं त्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला वाटतं त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ते म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. कुलंट महाग वाटतं, म्हणून कॅनमध्ये बोअरचं पाणी भरून ओतलं जातं. ते पाणी जड असतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत थर धरतात. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पण क्षमतेपेक्षा जास्त क्रेट भरून गाडी घाट चढू लागली की खालच्या गिअरमध्ये इंजिनावर पूर्ण ताण येतो, गाडीचा वेग कमी असल्यामुळे वारा कमी लागतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. काटा लाल रेषेकडे गेला तरी बाजार गाठायचा म्हणून चालक थांबत नाही. मग हेड वाकतं, गॅस्केट जातं, कुलंट आणि तेल एकमेकांत मिसळतं. त्यानंतर बेअरिंग टिकत नाहीत. त्यामुळे कुठल्याही जुन्या पिकअपजवळ गेलात की, इंजिन थंड असताना, आधी रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ कुलंट दिसलं तर या मालकाने बाकीचीही काळजी घेतली असण्याची शक्यता वाढते. गढूळ तांबूस पाणी दिसलं तर मीटरवर काहीही असो, सावध व्हा. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.

या कसोटीवर तुमची दुसरी गाडी बघा. सगळे तिला चांगली म्हणतील, कारण ती नवी, कमी चाललेली आणि ‘काम केलेली’ आहे. मला मात्र पहिल्यापेक्षा तिचीच जास्त काळजी वाटते. नीट सांभाळलेल्या डिझेल इंजिनाला ६८,००० किलोमीटरला काम लागण्याचं कारणच नसतं. ते लागलं असेल तर बहुधा तीनपैकी एक गोष्ट झाली असणार. गाडी कधीतरी भयंकर तापली, किंवा ती तेलाशिवाय चालली, किंवा मीटरवरचा आकडा खरा नाही. नारायणगावहून वाशीला जाऊन-येऊन सुमारे तीनशे किलोमीटर धरा. वर्षात शंभर फेऱ्या झाल्या तरी तीस हजार होतात. ही गाडी अशा फेऱ्यांवर होती का, ते मालकाला विचारा आणि हिशेब त्याच्यासमोर मांडा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, चालकाची सीट एका बाजूला बसलीय, स्टीअरिंग चकाकतंय आणि मीटर म्हणतो ६८,०००, हे एकत्र बसत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दर भेटीचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत नेऊन ती नोंद काढून घ्या. विकणारा त्याला तयार होत नसेल तर तेही उत्तरच आहे.

‘इंजिनाचं काम केलंय’ या वाक्यालाही काही ठरावीक अर्थ नाही. कोणी फक्त रिंगा बदलतो आणि त्याला काम म्हणतो. कोणी पिस्टन, लायनर, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळं नवं घालतो, क्रँक ग्राइंड करतो, हेड सपाट करून घेतो, आणि तोही काम म्हणतो. पहिल्यात थोडे हजार जातात, दुसऱ्यात लाखाच्या आसपासही जाऊ शकतात. म्हणून सुट्या भागांचं बिल आणि गॅरेजचं बिल मागा. त्याहून महत्त्वाचं, काम कशामुळे करावं लागलं ते विचारा. रेडिएटर तुंबल्यामुळे इंजिन तापलं असेल आणि रेडिएटर तोच ठेवून फक्त इंजिन बांधलं असेल, तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातील. इंजिनाचा पूर्ण ब्लॉकच बदलला असेल तर ब्लॉकवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळतो का ते स्वतः वाचून बघा, नाहीतर पासिंगला अडकाल.

फिटरच्या बीएस-६विरोधात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा वाढली. बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला सायलेन्सरकडे जाणारा धूर काही वेळ सलग खूप गरम राहावा लागतो. रोज शेतातून चार किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन उभ्या राहणाऱ्या गाडीत तो तेवढा गरम होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, ताकद जाते. वाशीच्या लांब फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तो त्रास कमी होतो. म्हणजे इथे इंजिन कच्चं नाही, वापर जुळत नाही. तुमच्या गाडीत नेमकी कुठली यंत्रणा आहे ते तिच्या पुस्तिकेत बघा. काही ठिकाणी हा फिल्टर आतून पोकळ करून देतात. तशी गाडी घेऊ नका, ते बेकायदा आहे आणि पुढचा त्रास तुमच्या गळ्यात येतो. सेल्फ मारण्याआधी चावी ‘ऑन’वर फिरवली की इंजिनाचा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याचा संशय घ्या.

बीएस-४ गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नसतं, हा समजही बरोबर नाही. २०१८च्या बहुतेक पिकअपमध्ये कॉमन रेल असते, सेन्सर असतात, आणि नोझलवर हजार बारच्या वर दाब असतो. डिझेलमध्ये पाणी किंवा घाण आली तर ते नोझल दोन्ही गाड्यांत सारखेच दुखावतात. डिझेल फिल्टर कधी बदलला हे दोघांनाही विचारा.

आता प्रत्यक्ष पाहणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी सकाळी लवकर येतो, गाडी सुरू करून ठेवू नका. यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे कोणी टाळलं तर लक्षात येईल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा पटींहून जास्त दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असतील तर दाब निसटतो आणि थंड इंजिनात हवा पुरेशी तापत नाही. मग सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर गाडी थरथरते, पांढरा धूर येतो. तेच इंजिन गरम असताना अर्ध्या सेल्फला सुरू होतं आणि सगळे दोष झाकले जातात. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

सुरू झाल्यावर धूर बघा. थंडीत सकाळी क्षणभर पांढरट वाफ येते, तिला घाबरू नका. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर गॅस्केट, कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर नोझल किंवा कंप्रेशन. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. चढावर, भरल्या गाडीत काळा धूर येत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. हे कधी नुसत्या एअर फिल्टरने सुटतं, तर कधी टर्बोपर्यंत जातं. डिपस्टिकवरचं तेल काळं आहे म्हणून गाडी सोडू नका, डिझेलमध्ये नवं तेलही थोड्याच वेळात काळं होतं. ते दुधी दिसलं तर मात्र तिथेच थांबा.

यानंतर इंजिन आयडलवर असताना फिटरला ऑइल टाकायचं झाकण सैल करून उलटं भोकावर ठेवायला सांगा. ते हलकं थरथरलं तर ठीक. धक्क्यांनी उडालं किंवा आतून दाट वाफ झपाझप आली, तर रिंगा सोडून गॅस खाली उतरतोय. झिजलेल्या इंजिनात जाड तेल ओतून आवाज आणि धूर काही दिवस दाबता येतात, पण ही कसोटी चुकवणं विकणाऱ्याला सोपं नसतं. पैसे देण्याआधी कंप्रेशन आणि नोझलची चाचणीही करून घ्या. फिटर तुमचा असावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, आणि त्याला त्याची मजुरी द्या. फुकट पाहणाऱ्याकडून नीट पाहणं होत नाही. शेवटी थोडं वजन भरून जवळच्या चढावर गाडी न्या आणि डोळे तापमानाच्या काट्यावर ठेवा.

आणि मग पैशांचं गणित. दोन्ही गाड्यांत पावणेदोन लाखांचा फरक आहे. गॅरेजातून पहिल्या गाडीच्या पूर्ण इंजिनकामाचा अंदाज लिहून घ्या. समजा तो नव्वद हजार आला. म्हणजे पहिल्या गाडीचं इंजिन उद्याच बसलं तरी दुसरीपेक्षा ती पंच्याऐंशी हजारांनी स्वस्तच राहते, आणि इंजिन तुमच्या डोळ्यांसमोर बांधलेलं असतं. धास्ती कितीही मोठी वाटली तरी तिला असा आकडा लावता येतो. त्यात टोमॅटोच्या हंगामात गाडी पंधरा दिवस उभी राहिल्यास भाड्याचा खर्च मिळवा. पहिल्या गाडीला एक वजाबाजूही आहे : मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग लागतं, त्यामुळे २०१८ची गाडी २०२६नंतर दरवर्षीच्या फेऱ्यात येते. आरसीवर बोजा शिल्लक आहे का, चलनं थकली आहेत का, हे दोन्ही गाड्यांचं एमपरिवहन ॲपवर बघून घ्या. चासीला वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी सोडा.

माझं मत विचाराल तर थंड सुरुवात, झाकणाची कसोटी आणि स्वच्छ कुलंट या तिन्हींत पहिली गाडी उतरली तर तिच्याकडे झुका. दुसरीचा विचार बिलं आणि सर्व्हिस सेंटरची नोंद हातात आल्यावरच करा, आणि तेव्हाही काम का करावं लागलं याचं पटणारं उत्तर मिळाल्यावरच. कुठलीही घेतलीत तरी सौदा होताना वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यातच इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर आणि फॅनबेल्ट बदला, रेडिएटर साफ करून कंपनीने सांगितलेलं कुलंट भरा, आणि टायमिंग बेल्ट असेल तर तो शेवटचा कधी बदलला याची खात्री नसल्यास तोही बदलून घ्या.