निराधार जनावरांची निगा
मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ साली झाली. भाकड व निराधार जनावरांना आसरा देण्याची ही परंपरा जुनी असली, तरी केवळ आसऱ्याने जनावर जगत नाही. उपासमारीने खंगलेल्या बैलापुढे दयाबुद्धीने एकदम भरपूर धान्य ठेवल्यास पोटात आम्लता वाढून तो दगावू शकतो. म्हणून प्रथम स्वच्छ पाणी व थोडी थोडी वैरण द्यावी. खुराक हळूहळू वाढवावा. नवे जनावर काही दिवस वेगळे बांधावे आणि प्रकृती सुधारताच लाळ-खुरकुताची लस टोचून घ्यावी. रोज सकाळी शेण काढून गोठा कोरडा करावा. खुरे, डोळे व रवंथ पाहावे. रवंथ थांबल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. कोंडवाडा सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतींनीही हाच क्रम पाळल्यास अनेक मुके जीव वाचतील.