विंचवाचे विष आणि आपलीच संप्रेरके



संप्रेरकांचा पाठ आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. त्यातील अधिवृक्क ग्रंथींचा आपल्या जिवाशी किती जवळचा संबंध आहे, हे विंचवाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या या ग्रंथी असतात. त्यांचा बाहेरील भाग कॉर्टिसॉल तयार करतो. आजार व जखमांचा ताण सोसण्यास ते मदत करते. आतील भाग ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन सोडतो. त्यामुळे संकटकाळी हृदय जोरात चालते, रक्तदाब वाढतो आणि शरीर पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होते.

कोकणपट्टीतील लाल विंचवाचे विष हीच व्यवस्था बिघडवते. ते मज्जातंतूंना सारखे चेतवत राहते व ही दोन संप्रेरके प्रमाणाबाहेर रक्तात उतरतात. दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय ही सुरुवातीची लक्षणे होत. पुढे रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी भरते. म्हणजे शरीराचे रक्षण करणारी शक्तीच अतिरेकाने घातक ठरते.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५ ते ३० दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण एकाहून कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गंमत म्हणजे, मधमाशीच्या दंशाने कोणाचा श्वास कोंडला, तर डॉक्टर ॲड्रेनॅलिनचेच इंजेक्शन देऊन जीव वाचवतात. संप्रेरक तेच, प्रमाण व प्रसंग वेगळा.

पालकांस विनंती : पेडणे-डिचोलीत चिऱ्यांचे गडगे, लाकडांच्या राशी, नारळाची सोडणे घरोघरी असतात. तेथे मुलांनी उघड्या हातांनी चाचपू नये. विंचू चावल्यास—

१) जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये.
२) वेदना कमी आहेत म्हणून धोका नाही असे समजू नये.
३) मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. लहान मुलांच्या बाबतीत एक क्षणही थांबू नये.

स्वाध्याय : विंचू चावलेल्या रुग्णाचे हातपाय थंड का पडतात? कारण लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.