माळढोक दिसला, पण विश्वास कोण ठेवणार?

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. सोलापुरातील एका शाळेचा विद्यार्थी नान्नजच्या माळावर गेला आहे. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर हे गाव आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली या परिसरात अभयारण्य घोषित झाले. दूरवरच्या गवतातून एक मोठा, उंच मानेचा पक्षी चालत जाताना मुलाला दिसला. घरी येताच त्याने इंटरनेटवरील पक्षिनिरीक्षकांच्या मंडळात नोंद केली, ‘आज एक माळढोक पाहिला.’

एकेकाळी या माळांवर माळढोक हमखास दिसे. आज निसर्गात मोकळे राहणारे माळढोक २०० हूनही कमी उरले आहेत व त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. म्हणून ही नोंद खरी असेल तर फार मोलाची आहे. पण तो पक्षी लांडोर तर नसेल? दुरून पाहिल्यास अशी चूक सहज होते. नोंद वाचणाऱ्यांनी या मुलाला कधी पाहिलेले नाही. मग त्यांनी विश्वास कशावर ठेवावा?

बाजारातील पत आणि नोंदींची पत

या प्रश्नाचे उत्तर बाजारपेठेत सापडते. एखाद्या व्यापाऱ्याला लाखाचा माल उधार मिळतो, तर दुसऱ्याला शंभर रुपयांचाही मिळत नाही. पहिल्याने वर्षानुवर्षे दिलेला शब्द पाळलेला असतो आणि ते सर्वांना ठाऊक असते. यालाच आपण ‘पत’ म्हणतो. इंटरनेटवरील मंडळातही अशीच पत तयार होते. तेथे माणूस दिसत नाही, पण त्याच्या आधीच्या सर्व नोंदी तारीखवार दिसतात. त्या नोंदी म्हणजेच त्याची खातेवही!

अशा मंडळात सारेच सारखा भाग घेत नाहीत. ढोबळमानाने असे म्हणतात, की १०० सभासदांपैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि एखादाच नेमाने काम करतो. हा काही निसर्गनियम नव्हे, पण यावरून एक गोष्ट ध्यानात येते. थोड्यांच्या कामावर पुष्कळांचे ज्ञान अवलंबून असते. म्हणूनच ते थोडे लोक विश्वासार्ह आहेत की नाहीत, हे तपासावे लागते.

तपासणीच्या दोन रीती

‘ई-बर्ड’ हे पक्षिनोंदींचे मंडळ २००२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑडुबॉन सोसायटी यांनी सुरू केले. नोंद करताना तारीख, वेळ, ठिकाण, किती वेळ पाहणी केली, किती अंतर चाललो आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी दिसले, हे लिहायचे असते. एखाद्या प्रदेशात एखाद्या महिन्यात कोणत्या जातीचे किती पक्षी दिसणे संभवनीय आहे, याच्या मर्यादा आधीच ठरवलेल्या असतात. नोंद त्या मर्यादेबाहेर गेली, की संगणक तिच्यावर खूण करतो आणि अधिक तपशील विचारतो. पुढे त्या भागाचा जाणकार स्वयंसेवक ती तपासतो. तो छायाचित्र मागेल किंवा विचारेल, ‘मानेचा रंग कसा होता? उडताना पंख कसे दिसले?’ खात्री पटली नाही, तर ती नोंद निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत राहते, पण सार्वजनिक माहितीत धरली जात नाही.

दुसरी रीत ‘आय-नॅचरलिस्ट’ या मंडळाची. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात २००८ साली विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते जन्माला आले. येथे छायाचित्र किंवा आवाज द्यायचा आणि इतरांनी ओळख सांगायची. निदान दोघांनी ओळख सांगितलेली हवी आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीबद्दल एकमत हवे, म्हणजे नोंद संशोधनयोग्य मानली जाते. आता थोडे गणित करा. तिघांपैकी दोघांनी ‘माळटिटवी’ म्हटले आणि एकाने ‘टिटवी’, तर एकमत बरोबर दोन-तृतीयांश झाले, त्याहून अधिक नाही. म्हणजे नोंद अडली. चौथ्यानेही ‘माळटिटवी’ म्हटले, तर चारांपैकी तीन म्हणजे ७५ टक्के झाले आणि नोंद पुढे सरकली.

येथे नवख्याचे मत आणि तज्ज्ञाचे मत सारखेच मोजले जाते. यात एक धोकाही आहे. स्वतः न पाहता, केवळ मित्राची नोंद म्हणून ‘मलाही तसेच वाटते’ असे कोणी म्हटले, तरी ते मत धरले जाते आणि चुकीवर एकमताचा शिक्का बसतो.

पत कशाने वाढते?

भरमसाट नोंदी केल्या म्हणजे पत वाढते, असे तुम्हाला वाटेल. या मंडळांत जास्त जाती पाहणाऱ्यांच्या क्रमवाऱ्याही लागतात. त्यामुळे उत्साह येतो हे खरे. पण वरचा क्रमांक गाठायच्या घाईत अर्धवट दिसलेल्या पक्ष्याला नाव देण्याचा मोहही होतो. जाणकार मंडळी दुसऱ्याच गोष्टी पाहतात. वर्णन नेमके आहे का? शंका विचारल्यावर उत्तर मिळते का? चूक कळल्यावर नोंद दुरुस्त होते का? आणि ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ असे लिहिले आहे का? माळावरचे चंडोल ओळखणे अवघड असते. अशा वेळी ‘चंडोल, जात निश्चित नाही’ ही नोंद अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडते.

न दिसणे हीदेखील नोंदच आहे, हे लक्षात ठेवा. दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी दिली, तर यादीत काय नाही तेही कळते. अशा असंख्य याद्यांवरूनच एखादी जात कमी होते आहे की काय, हे शोधता येते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. मोरांची संख्या वाढल्याचे त्यातून दिसले, तर माळरानांसारख्या मोकळ्या जागी राहणारे अनेक पक्षी घटल्याचे आढळले. सोलापूरच्या माळांसाठी ही काळजीची गोष्ट आहे. समजा, माळढोक नसताना ‘दिसला’ अशा नोंदी होत राहिल्या, तर पक्षी सुखरूप आहे असा समज होईल आणि उपाय करायला उशीर होईल.

खरी नोंददेखील सांभाळून करावी लागते. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर झाली, तर तेथे गर्दी होते आणि पक्षी घरटे सोडून जाऊ शकतो. म्हणून ही मंडळे धोक्यातील अनेक जातींचे नेमके ठिकाण झाकून ठेवतात. ते दुसरीकडे उघड न करणे ही सभासदाची जबाबदारी आहे.

वर्गात करून पहा

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षिगणना जगभर होते. निदान १५ मिनिटे पक्षी मोजून नोंद करणारा कोणीही तीत भाग घेऊ शकतो. तिची तयारी आधीच करा. शिक्षकांबरोबर शाळेच्या मैदानावर किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी जा. पाच-पाच जणांचे दोन गट करा. दोन्ही गटांनी एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता, १५ मिनिटे पक्षी मोजावेत. वर्गात आल्यावर दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जेथे फरक पडला, तेथे प्रत्येक गटाने आपला पुरावा सांगावा. पुरावा नसेल तर त्या नावापुढे प्रश्नचिन्ह करा. असे महिनाभर, दर आठवड्याला करा आणि कोणत्या गटाची प्रश्नचिन्हे कमी होत जातात ते पहा.

आता नान्नजच्या त्या विद्यार्थ्याकडे वळा. तुम्ही तपासनीस आहात. त्याला कोणते तीन प्रश्न विचाराल? वहीत लिहून काढा आणि शिक्षकांना दाखवा.