सोनेरी शहराचं पाणी

गोंदिया
मार्गशीर्ष

प्रिय भाचीस,

जैसलमेरला गाडीनेच जायचा तुमचा बेत ठरल्याचं ताईकडून कळलं. कुठली लेन्स न्यावी आणि कुठं थांबावं, असं तू विचारलं आहेस. लेन्सचं शेवटी सांगतो. त्याआधी जे सांगायचं आहे ते जरा लांबेल, कारण या शहरात फोटो काढणं फार सोपं आहे आणि तीच त्याची अडचण आहे. पिवळ्या वाळूखडकाचा किल्ला, उन्हं उतरली की सोन्यासारखे चमकणारे बुरूज, पटव्यांच्या हवेलीतली जाळी, सम गावच्या वाळूत सजवलेले उंट, रात्री तंबूंभोवती दिव्यांच्या माळा आणि मोठ्या आवाजातली गाणी. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट १९७४ साली आला, तेव्हापासून बंगाली पर्यटकांची रीघ लागली. आता सगळा देश तिथं जातो. सूर्यास्त बघायच्या जागा ठरलेल्या, उंट उभे करायच्या जागा ठरलेल्या, वेळही ठरलेली. अशा ठिकाणी कॅमेरा कुणीही उचलला तरी फोटो चांगलाच येतो, पण त्यातले बहुतेक निर्णय दुसऱ्यानं आधीच घेतलेले असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, घरून निघतानाच एक प्रश्न सोबत घे आणि त्याच्या मागे कॅमेरा फिरव. प्रश्नही सुचवतो: इतक्या कोरड्या जागी एवढं शहर आठ-नऊशे वर्षं कशावर जगलं, आणि आज कशावर जगतं आहे? म्हणजे, इथलं पाणी कुठून येतं?

हा प्रश्न विचारायला तू फार योग्य आहेस, कारण तू तलावांच्या मुलखात वाढलीस. आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो, तरीही आपल्या पूर्वजांनी गावोगावी तलाव आणि बोड्या बांधल्या. धानाला रोवणीपासून निसवेपर्यंत पाणी लागतं आणि पाऊस मधेच दडी मारतो. एका दडीत पीक हातचं जातं, म्हणून उताराला पाळ घालून पाणी अडवून ठेवायचं. कोहळी समाजानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘मामा (माजी मालगुजारी) तलाव’ हे त्यांचं नाव कागदोपत्री पक्कं झालं. मालकी बदलल्यावर गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी राखायची, याची गावातली जुनी घडी विस्कटली, आणि कित्येक तलाव उथळ होत गेले. त्या जुन्या व्यवस्थेत मालगुजाराची सत्ता आणि मजुरांचे कष्टही होते, हे विसरून तिची नुसती आरती करू नये. पण पाळ कुठं घातली आहे, पाणी कुठल्या उतारावरून येतं, जास्तीचं कुठून निघून जातं, हे तुला नजरेनं कळतं. जैसलमेरला जाणाऱ्या हजारो कॅमेऱ्यांपैकी फार थोड्यांना ही नजर असते.

दुसरं असं की, तुमचा रस्ताच या प्रश्नाचं उत्तर उलगडत जाणारा आहे. नागपूर, बैतूल, भोपाळ, मग माळवा ओलांडून चित्तोड, उदयपूर, जोधपूर आणि जैसलमेर, असे सुमारे पंधराशे किलोमीटर तुम्ही एका अर्थानं पावसाची उतरंड उतरत जाणार. बाराशे-तेराशे मिलीमीटरपासून निघून दोनशेच्या आतबाहेर पोचणार. हे अंतर रात्रीतून कापून टाकलं तर सहलीतला सर्वांत मोलाचा भाग झोपेत जाईल. दिवसाच प्रवास करा (रात्री राजस्थानातल्या रस्त्यांवर गुरं आणि उंट आडवे येतात, हेही कारण पुरेसं आहे). भोपाळचा बडा तालाब अकराव्या शतकातल्या भोज राजाचा, म्हणजे जैसलमेरच्या किल्ल्याहून जुना, आणि शहर आजही त्याचं पाणी पितं. उदयपूर तर तलावांवरच उभं आहे. २०२५ मध्ये इंदूरबरोबर त्याला रामसर करारातलं पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. उदयपूरहून जोधपूरकडे निघालात की राजसमंदला थांबा. महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात हा तलाव बांधवला आणि त्याच्या पाळीवर राजप्रशस्ती नावाचं संस्कृत काव्य शिळांवर कोरून घेतलं. तलाव बांधणं ही राज्याच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असं त्या राजाला वाटलं. पुढं जोधपूरला तूरजीचा झालरा ही पायऱ्यांची विहीर आहे. गाळ काढून ती अलीकडे पुन्हा वापरात आली. गाडीतून फोटो काढणं हलकं समजू नकोस. जयपूरच्या रघुवीर सिंह यांनी अ‍ॅम्बॅसडर गाडीच्या काचा, दारं आणि आरसे यांच्या चौकटीतून भारत टिपला, आणि ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००२ साली आलं. त्या फोटोंत गाडी लपवलेली नाही. आपण बाहेरून आलो आहोत आणि पुढं जाणार आहोत, हे ती चौकटच कबूल करते.

जैसलमेरला पोचल्यावर पहिली सकाळ किल्ल्याला देऊ नकोस, गडीसरला दे. रावळ जैसल यांनी ११५६ साली किल्ला बांधायला घेतला. गडीसर तलाव चौदाव्या शतकातला, महारावळ गडसी यांचा. नळ येईपर्यंत गाव मुख्यतः याच्याच पाण्यावर होतं. लोक छत्र्या, घाट आणि तिलोंच्या कमानीचे फोटो काढतात, ते तूही काढ. मग मात्र पाठ फिरवून तलावाच्या मागचं ते ओसाड, दगडाळ माळरान बघ, ज्याचा कुणी फोटो काढत नाही. तिथंच पावसाचं पाणी जमून तलावाकडे येतं. त्या भागाला तिकडे ‘आगोर’ म्हणतात, आणि तो स्वच्छ राखणं गावाची जबाबदारी असे. जास्तीचं पाणी निघून जायच्या वाटेला ‘नेष्टा’ म्हणतात. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात हे सगळं इतक्या नितळ हिंदीत लिहून ठेवलं आहे की, निघण्याआधी ते वाचलंस तर कुठल्याही पर्यटन पुस्तिकेची गरज पडणार नाही. गावाबाहेर पालीवाल ब्राह्मणांनी घडवलेली ‘खडीनं’ आहेत. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध, पावसाळ्यात आत साचणारं पाणी, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू आणि हरभरा. आपण धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी टाकतो, तीच ओलीची समज तिथं सहापट कोरड्या जमिनीत वापरलेली दिसेल. तू हिवाळ्यात जाते आहेस, त्यामुळे चहूकडे करडी वाळू आणि मधे खडीनाचा हिरवा चौकोन, असं दृश्य तुला मिळू शकतं. सगळे जिथं भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात ते ओस पडलेलं कुलधरा हे याच पालीवालांचं गाव. सालिमसिंह दिवाणाच्या जुलमामुळे गाव एका रात्रीत उठलं, अशी कथा तिथं सांगतात. पाणी आटल्यामुळे आणि करांच्या ओझ्यामुळे ते हळूहळू रिकामं झालं, असंही अभ्यासक म्हणतात. ओसाड भिंतींबरोबर त्या गावाची शेतं कुठं होती तेही शोध.

आता किल्ला. २०१३ साली राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत हा एक आहे. आणि त्यात आजही लोक राहतात. पूर्वी मुख्यतः गडीसरहून घागरींनी वर चढवलेलं पाणी तिथं वापरात होतं, म्हणजे अगदी मोजकं. नळ आल्यावर वापर कितीतरी पटींनी वाढला, त्यात हॉटेलं आणि खानावळी आल्या, पण पाणी वाहून न्यायची सोय तेवढी नव्हती. टेकडीच्या पोटात वाळूखडकाबरोबर शेल आणि चिकणमातीचे थर आहेत. त्यांत पाणी मुरलं की ते फुगतात, मऊ पडतात आणि वरचे बुरूज खचतात. म्हणूनच १९९६ साली जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या पहिल्याच यादीत जैसलमेरचं नाव आलं. त्यानंतर दुरुस्तीची कामं झाली, तरी २०२४ च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग कोसळलाच. वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्यानं पोखरावं, ही या शहराची सर्वांत बोलकी गोष्ट आहे आणि ती सोनेरी उजेडात दिसत नाही. ती दिसते दुपारच्या कोरड्या उन्हात, भिंतीवर चढलेल्या ओलीच्या रेषेत, उघड्या नालीत, आधारासाठी नव्यानं बांधलेल्या दगडांच्या वेगळ्या रंगात.

नळाचं पाणी येतं इंदिरा गांधी कालव्यातून. पंजाबात सतलज आणि बियास जिथं मिळतात त्या हरिकेहून निघणाऱ्या या कालव्याचं काम १९५८ साली सुरू झालं, आणि मुख्य कालव्याचं पाणी जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढपर्यंत पोचायला १९८० चं दशक सरत आलं. गडीसरमध्येही आता हेच पाणी सोडतात, म्हणून तो बाराही महिने भरलेला दिसतो आणि त्यात होड्या चालतात. पूर्वजांच्या शहाणपणाचा पुरावा म्हणून भरलेल्या गडीसरचा फोटो कुणी दाखवला तर तो अर्धाच खरा असेल. फोटोला हे सगळं आपोआप सांगता येत नाही, म्हणून वही जवळ बाळग आणि प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिही: कुठं, कधी, पाणी कुठलं.

तू म्हणशील, मामा, हा छंद आहे, आठवडाभराची सुट्टी आहे. त्यावर अभ्यासाचं ओझं कशाला? आक्षेप रास्त आहे. पण छंदाला गिऱ्हाईक नसतं, संपादक नसतो, मुदत नसते. पोटासाठी फोटो काढणाऱ्याला सूर्यास्ताचे उंट आणावेच लागतात, तुला लागत नाहीत. एवढं स्वातंत्र्य हाती असताना तेच उंट आणायचे, तर ते स्वातंत्र्य वाया गेलं. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: निष्कर्ष आधी ठरवून निघालं की डोळे तेवढंच बघतात, आणि फोटो नुसते दाखले होऊन बसतात. यावर उपाय एकच, प्रश्नाला आपल्याला खोटं पाडायची मोकळीक द्यायची. खडीनं मोडकळीला आलेली दिसली तर तसंच दाखव. एखादी बाई म्हणाली की नळ आला हे फार बरं झालं, डोक्यावरचा हंडा गेला, तर तेही लिहून घे. तिचं म्हणणं आपल्या तलावप्रेमाहून खरं आहे. तिसरा आक्षेप सौंदर्याचा. पाण्याच्या मागे लागलं की फोटो रुक्ष होतील, असं वाटू शकतं. पण तसं नाही. अमेरिकेतलं लास व्हेगास हे वाळवंटातलं जैसलमेरहून झगमगीत शहर ज्या मीड सरोवरावर जगतं, त्याची पातळी २०२२ च्या उन्हाळ्यात १९३७ नंतरच्या नीचांकाला गेली. तांबूस कड्यांवर पाणी जिथवर पोचत होतं तिथवरचा पांढरा पट्टा उघडा पडला, आणि जगभर पोचले ते त्या पट्ट्याचेच फोटो. ते देखणे आहेत, कारण त्यांत रंग आणि कारण एकाच रेषेत आलं आहे. म्हणून संध्याकाळचा किल्ला टाळ, असं मी म्हणत नाही. तो सुंदर आहे आणि तूही तो बघावास. फक्त सगळी कार्डं त्यात भरू नकोस.

आता कामाचं. वाळू आणि पिवळा दगड उजळ असतात, त्यामुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि फोटो काळवंडतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढव. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा दगडाचा पिवळेपणाच दुरुस्त करायला बघेल, म्हणून तो डेलाइटवर पक्का कर. एकच झूम पुरे, २४ ते १०५ च्या आसपासची. वाऱ्यात लेन्स बदलायची नाही, आणि आत वाळू गेली तर कापडानं न पुसता ब्लोअरनं उडवायची. ड्रोन घरीच राहू दे: जिल्हा सीमेवरचा आहे, शहराजवळ हवाई दलाचा तळ आहे, आणि लष्करी ठाण्यांचे फोटो काढायला मनाई आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी रावणहत्था वाजवणारे, सजून उभे राहणारे लोक भेटतील. त्यांचं ते रोजचं काम आहे. फोटो काढलास तर पैसे मोकळ्या हातानं दे, नाव विचार आणि वही पुढे कर. घराच्या आतल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही.

मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जाणार असशील तर माळढोक दिसायची शक्यता कमीच धर. हा पक्षी आता मुख्यतः त्याच भागात उरला आहे. त्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून तो विजेच्या तारांना धडकतो, आणि या तारांचा वाद २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात गाजला. आपल्याकडे परसवाड्याला आणि झिलमिलीला सारसाच्या बाबतीत जो नियम पाळतेस तोच इथंही पाळ: गाडीतून उतरायचं नाही, पाठलाग करायचा नाही, घरट्याकडे फिरकायचं नाही, आणि पक्षी दिसलाच तर जागेचं नाव कुठंही टाकायचं नाही. परत आल्यावर सगळे फोटो पाठवू नकोस. तीस निवड, वहीतल्या ओळींसकट छापून घे आणि ताईला घेऊन ये. त्यांतले दहा काढून टाकायला मी मदत करीन.

तुझा,
मामा