आधी पाणी, मग झाडं

बुधवार पेठ, पुणे

चि. मनू,


बी.आर्क.नंतर लँडस्केप आर्किटेक्चरला जायचं ठरवलंस, छान झालं. ‘पाच वर्षं शिकून आता माळीकाम करणार का?’ असा घरात सूर आहे, ताई फोनवर सांगत होती. वाद घालू नकोस. मास्टर्स कर्वेनगरच्या बी.एन.सी.ए.तून कर नाहीतर अहमदाबादच्या सेप्टमधून. फक्त साइटवर चिखलात उभं करतात का, एवढं आधी विचार.

आमच्या पेठेत बाग अशी उरलेलीच नाही (तुळशीबाग नावालाच बाग, तिथल्या बाजारात काय मिळतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक). तरी हा विषय इथंच शिकण्यासारखा आहे. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. गाळ बसावा, हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. पेठांतले हौद त्यावर भरायचे. नकाशावरच्या कंटूर रेषा दाखवतात तो हाच उतार. शीटवर काढता लवकर येतं, पायांना कळायला वेळ लागतो. आणि त्याच कात्रजकडून येणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री लोकांच्या घरांत शिरला. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण ओढ्याला पसरायला जागा तरी कुठे ठेवली होती?

आमच्या वाड्याच्या चौकातला पारिजातक आठवतो ना? फरशी बसवताना गवंड्यानं सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. आता पावसाचं पाणी मुळांकडे जातच नाही, फरशीवरून सरळ मोरी गाठतं, आणि झाड शेंड्याकडून वाळत चाललंय. नकाशात तिथं सुबक हिरवा गोल दिसला असता. सॉफ्टवेअर शीक, नोकरी त्यावरच मिळते. पण आमच्या चौकात तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं तेही बघ. आणि माळ्याला ‘काका, हे इथं जगेल का?’ असं विचारायला लाजू नकोस.

पगार सुरुवातीला बेताचाच. बिल्डर तुम्हाला बोलावतात ते सगळं बांधून झाल्यावर, उरल्यासुरल्या पैशांत; तोवर वरची चांगली माती डंपरमधून गेलेली असते. म्हणून जमेल तिथं खोदाईआधीच शिरायचं आणि ती माती बाजूला राखायची अट लेखी घालायची. तोंडी कबुली साइटवर टिकत नाही.

रविवारी ये. पाऊस असला तर उत्तमच, कात्रजहून उताराउतारानं चालत येऊ. अप्पा बळवंत चौकातून वही घे, महागडी नको, भिजणारच आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा