मेन पाडलं होतं म्हणे

चि. बंड्यास,


वहिनींचा काल फोन आला. बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन तू स्वतः बदललास, झटका बसला, स्टुलावरून खाली आलास, कोपर सुजलंय. आणि वर म्हणतोस, ‘मेन पाडलं होतं, काका उगाच घाबरतील.’ घाबरलोच आहे. रात्रभर डोळा लागला नाही.

अरे, घरात इन्व्हर्टर आहे ना? मेन पाडलं की त्याला वाटतं लाइट गेली. तो इमानेइतबारे दिवे-पंख्यांच्या लाइनवर बॅटरीची वीज सोडतो, तीही २३० व्होल्टच. बाथरूमचा पंखा त्याच लाइनवर. तुमच्या बोर्डावरचा ईएलसीबी ३० मिलीअँपिअर गळती झाली की पडतो खरा, पण तो मेनच्या बाजूला. इन्व्हर्टरकडून आलेला झटका त्याला कळणार कसा? मेन पाडायचं आणि इन्व्हर्टरचं बटणही बंद करायचं. नुसता इन्व्हर्टर बंद केलास तर मेनची वीज त्याच्यातून सरळ पुढे जाते. आणि एवढं करूनही टेस्टर लावल्याशिवाय हात नाही. तो टेस्टरही आधी चालू बटणावर पेटतो का बघायचा. हे तुला ठाऊक नव्हतं? वायरमनच्या घरातला पोरगा तू!

आता दुसरं. वहिनी म्हणाल्या, बटण चालू-बंद कसंही असलं तरी टेस्टर दोन्ही तारांना पेटतो आणि नवा पंखा ढिम्म हलत नाही. तू म्हणे ‘दोन्ही फेज आल्यात’ असा निकाल दिलास. दोन फेज बिझ नाहीत रे. फेज एकच आहे. ती मोटारीच्या गुंडाळीतून पलीकडच्या तारेवर येते, कारण पुढे न्यूट्रल तुटलाय. पंखा सोडवला की एकच तार पेटेल. माझा संशय असा, की बिल्डरच्या माणसाने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलंय आणि त्या बटणाचाच पॉइंट जळलाय. तसं असेल तर बटण बंद असतानाही पंख्याशी वीज उभी असते, आणि तुला बसला तो झटका तिचाच. जुना पंखा बहुधा धडधाकट होता. भंगारात दिला नसशील तर ठेव.

पण मेन पाडलं म्हणून बिनधास्त हात घातलास, हेच मनातून जात नाही. ओल्या फरशीवर, एकटा, घरात कोणी नाही.

लहानपणी तू माझ्या पिशवीतला टेस्टर पळवायचास. माझ्यामागे शिडीपर्यंत यायचास, ‘काका, यात दिवा का पेटतो?’ विचारायचास. मी ‘जा, अभ्यास कर’ म्हणून हाकलायचो. मला आयटीआयला जायचं होतं, अण्णांनी दुकानावर बसवलं. वाटायचं, या पोराने तरी पक्कड धरू नये. शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? तू इंजिनिअर झाला असतासच, पण वायरला हात लावण्याआधी थबकला असतास. ती रुखरुख आहे.

रागावून लिहिलंय, मनावर घेऊ नकोस. खरं सांगायचं तर तुझं कौतुकही वाटलं. हल्ली बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात. पंख्याची जाळी भिंतीत नीट बसवलीस, वाऱ्याची दिशाही बाहेरच ठेवलीस, असं वहिनी सांगत होत्या.

कोपराचा एक्स-रे काढून घे. सूज उतरेपर्यंत डावा हात वापर. बाथरूमची खिडकी उघडी राहू दे, दोन दिवस वाफ कोंडली तर काही बिघडत नाही. रविवारी सकाळच्या एसटीने कराडहून निघतो, टेस्ट लँप आणि नवं बटण घेऊन येतो. बटण फेजवर घेऊ. या वेळी पक्कड तुझ्या हातात, शिडी मी धरतो. तोवर त्या बोर्डाला हात लावू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
काका