पत्ता कोणी वाटायचा, ते आधी ठरव

बाळा, खुलताबादेत नेटवर्कची कामं घ्यायला लागलास, बरं केलंस. शाळेची लॅब असो, सेवा केंद्र असो की वेरूळच्या रस्त्यावरचं लॉज, एवढं गाठीला बांधून ठेव.

हाताने आयपी घालत बसू नको. डीएचसीपी लाव. मशीन हाक मारतं, सर्व्हर पत्ता पुढे करतो, मशीन तो मागून घेतं, सर्व्हर होकार देतो. चार निरोपांत काम होतं. फक्त गेटवे, प्रिंटर, कॅमेरे आणि स्विच यांचे पत्ते पूलमधून आधी वगळ, नाहीतर एकच पत्ता दोघांना जाईल.

दिलेल्या पत्त्याची मुदत गर्दी बघून ठरव. ऑफिसात आठ दिवसांची मुदत चालते. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला लोटणाऱ्या गर्दीला ती चालत नाही. साध्या पूलमध्ये फार तर २५४ पत्ते. दर्शन घेऊन माणूस घरी गेला, तरी त्याच्या फोनचा पत्ता आठ दिवस अडकून राहतो. पाहुण्यांचं व्हीलॅन वेगळं काढ आणि तिथे तासा-दोन तासांचीच मुदत दे.

आता मुख्य गोष्ट. मशीनची हाक व्हीलॅनभर जाते आणि बहुतेक मशीनं पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवतात. कोणी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला की तोही पत्ते वाटू लागतो. वाईट हेतूचा माणूस असेल, तर स्वतःलाच गेटवे सांगून सगळ्यांची माहिती आपल्याकडून वळवतो. बाजारसावंगीहून दाखल्यासाठी आलेला माणूस ‘नेट बंद’ ऐकून परत जातो, त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावच. सर्व्हरकडे जाणारा पोर्ट तेवढा ट्रस्टेड, बाकी सगळे अनट्रस्टेड. अनट्रस्टेड पोर्टवरून आलेलं सर्व्हरचं उत्तर स्विच तिथेच टाकून देतो.

क्रम चुकवू नको. आधी प्रत्येक स्विचचा अपलिंक ट्रस्टेड कर, मग स्नूपिंग चालू कर. उलट केलंस तर खऱ्या सर्व्हरचंही उत्तर अडेल. सगळं बरोबर असून पत्ते येत नसतील, तर ऑप्शन ८२ बघ. स्विचने तो जोडलेला निरोप काही सर्व्हर नाकारतात.

बाइंडिंग टेबल म्हणजे नेटवर्कचा सातबारा. कुठला मॅक, कुठला आयपी, कुठलं व्हीलॅन, कुठला पोर्ट, किती मुदत, सगळं त्यात असतं. एआरपी इन्स्पेक्शन आणि आयपी सोर्स गार्ड याच नोंदीवर चालतात. ती फ्लॅशमध्ये किंवा सर्व्हरवर साठव, कारण वीज गेली की स्विच ती विसरतो. हाताने पत्ता दिलेल्या प्रिंटरची नोंद तुलाच घालावी लागेल.

वेगाला मर्यादा घाल. खोट्या मागण्यांचा भडिमार करून कोणी पूल रिकामा करू शकतो. एका मशीनच्या पोर्टला सेकंदाला दहा-पंधरा निरोप पुरतात. वायफायच्या पोर्टला जास्त ठेव.

तक्रार आली की पत्ता वाच. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर बहुधा सर्व्हरचं उत्तरच पोचलेलं नाही. भलतीच रेंज दिसली, तर दुसराच कोणी वाटतो आहे. गेटवेचा मॅक काढ, स्विचच्या मॅक टेबलमध्ये पोर्ट शोध, केबल धरून त्या टेबलापर्यंत जा.

आणि काम सोपवण्याआधी एक जुना राउटर स्वतःच साध्या सॉकेटला लावून बघ. शेजारच्या लॅपटॉपला त्याचा पत्ता मिळाला नाही, तरच बिल दे.